'टोबा टेकसिंग' : सीमाभागातील वर्गात एक वाचन

प्रास्ताविक

सआदत हसन मंटो (१९१२-१९५५) यांची 'टोबा टेकसिंग' ही उर्दू कथा फाळणीवरील प्रातिनिधिक कथा मानली जाते. फाळणीनंतर दोन-तीन वर्षांनी दोन्ही सरकारे वेड्यांचीही अदलाबदल करण्याचे ठरवतात. लाहोरच्या वेड्यांच्या इस्पितळात पंधरा वर्षे काढलेला बिशनसिंग आपले गाव कोणत्या देशात गेले, एवढेच विचारत राहतो. शेवटी दोन्हीकडच्या तारांमधल्या जागेत तो कोसळतो. बाहेरचे शहाणेच वेडे, या उपरोधापाशी या कथेची समीक्षा बहुधा थांबते. हे वाचन चुकीचे नाही. परंतु बेळगाव-निपाणी परिसरात, विशेषतः युद्धाच्या दिवसांत, ते अपुरे पडते.

गावाचा प्रश्न आणि माणसाचा प्रश्न

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव-निपाणीचा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. १९६७ मध्ये महाजन आयोगाचा अहवाल आला, २००४ मध्ये वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. त्यामुळे बिशनसिंगाचा प्रश्न येथील मराठी, कन्नड व उर्दू भाषक विद्यार्थ्यांना समजावून सांगावा लागत नाही. मात्र हे साम्य ताणू नये. ही एकाच देशातील दोन राज्यांची सीमा आहे. येथे लोकसंख्येची अदलाबदल झाली नाही.

युद्धाच्या काळात प्रश्न बदलतो. तो गावाला न विचारता माणसाला विचारला जातो. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे २६ निरपराध लोक मारले गेले आणि ७ मे रोजी 'ऑपरेशन सिंदूर' सुरू झाले. त्याची माहिती देशाला देणाऱ्या कर्नल सोफिया कुरेशी यांचे सासर आपल्याच जिल्ह्यात, गोकाक तालुक्यातील कोन्नूर येथे आहे. त्या घरावर हल्ला झाल्याची अफवा समाजमाध्यमांवर पसरली आणि ती खोटी असल्याचे पोलिसांना जाहीर करावे लागले. लष्करी अधिकाऱ्याच्या घराबाबतही अशी अफवा उठते, तेव्हा वसतिगृहातील मुस्लिम विद्यार्थिनीच्या मनात काय येत असेल, याचा विचार शिक्षकाने करावयास हवा. त्याच वर्गात सैनिकांची मुलेही असतात. बेळगाव हे मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे; त्या मुलांची काळजीही तितकीच खरी असते.

फजलदीन

या दृष्टीने कथेतील दुर्लक्षित पात्र फजलदीन महत्त्वाचे ठरते. बिशनसिंगाचा हा गाववाला मुसलमान मित्र इस्पितळात भेटीला येतो, घरच्यांची खुशाली सांगतो, खाऊ देतो. गाव कुठे आहे, या प्रश्नावर तो प्रथम सहज सांगतो की ते होते तिथेच आहे. कोणत्या देशात, असे पुन्हा विचारल्यावर मात्र तो गोंधळतो. आधी एका देशाचे, मग दुसऱ्याचे नाव घेतो. पहिले उत्तर शेजाऱ्याचे आहे. दुसऱ्या वेळी भला माणूसही प्रश्नाच्या सापळ्यात सापडतो. मंटो त्याला संत करीत नाहीत. बिशनसिंगाच्या मुलीचा, रूपकौरचा, विषय निघताच तो अडखळतो. रूपकौर मात्र कथेत जवळजवळ मूकच राहते, ही कथेची मर्यादा मुलींच्या वर्गात जरूर चर्चेला घ्यावी.

शेवटाबाबतही सावध राहिले पाहिजे. 'कोणाचीच नसलेली जागा' समीक्षकांना भावते. विद्यार्थ्याला ती देता येत नाही. त्याला संध्याकाळची निपाणीची बस पकडून घरी जायचे असते. 'मी कुठलाच नाही' असे त्याला म्हणायचे नसते. 'मी इथलाच आहे' हे त्याचे म्हणणे असते आणि ते सिद्ध करण्याची पाळी त्याच्यावर येऊ नये.

समारोप

फजलदीनची भेट हाच शिक्षकासाठी कथेतील धडा आहे. मृतांविषयीचे दुःख वर्गात सर्वांच्या वतीने, स्पष्ट शब्दांत व्यक्त करावे. निषेधाची हजेरी एकाच समाजाच्या मुलांकडून घेऊ नये. कोणाही विद्यार्थ्याला प्रतिनिधी म्हणून उभे करू नये. अफवेची शहानिशा करावी, माहीत नसेल तर तसे सांगावे. मत विचारण्याआधी खुशाली विचारावी. बातमी येण्यापूर्वी जो विद्यार्थी ज्या बाकावर बसत होता, तो नंतरही तेथेच बसेल, एवढे पाहणे आपल्या हाती आहे. ते केले तर ही कथा आपण शिकवली, असे म्हणता येईल.