'माग' या शब्दाचा अर्थनिर्णय : भिवंडीच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :
अर्थविज्ञान ही भाषाविज्ञानाची महत्त्वाची शाखा होय. मिशेल ब्रेआल या फ्रेंच अभ्यासकाच्या १८९७ मधील ग्रंथाने तिला आधुनिक काळात प्रतिष्ठा मिळवून दिली; तथापि भारतीय परंपरेतील शब्दार्थचर्चा त्याहून पुष्कळ प्राचीन आहे. मराठीच्या अध्यापनात मात्र ही चर्चा बहुधा अभिधा, लक्षणा व व्यंजना यांच्या व्याख्या आणि ठरावीक उदाहरणे एवढ्यावरच थांबते. या मर्यादेची चिकित्सा 'माग' या शब्दाच्या आधारे करता येते.

विवेचन :
'माग' म्हणजे कापड विणण्याचे साधन. तसेच 'माग' म्हणजे पाठलागाची खूण. 'तो मागावर आहे' हे वाक्य सुटे घेतल्यास ते विणकराविषयी आहे की पाठलाग करणाऱ्याविषयी, हे ठरत नाही. अशा संदिग्ध शब्दाचा अर्थ निश्चित करणाऱ्या घटकांची यादी भर्तृहरीने 'वाक्यपदीया'त दिली आहे. प्रकरण, औचित्य यांबरोबरच तीत 'देश' आणि 'काल' यांचाही समावेश आहे. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त तीच यादी उद्धृत केली. ज्या ग्रंथाच्या आधारे शब्दशक्ती शिकविल्या जातात, त्यातीलच हा भाग दुर्लक्षित राहावा, हे चिंत्य आहे.

भिवंडी हा असाच एक 'देश' होय. यंत्रमागांच्या या शहरात उपर्युक्त वाक्याने प्रथम विणकरच आठवेल. 'काल'ही येथे कार्यरत दिसतो. यंत्रमाग आल्यावर जुन्या साधनाला 'हातमाग' असे वेगळे म्हणण्याची गरज निर्माण झाली. भिवंडीत मात्र नुसत्या 'माग' शब्दानेही यंत्रमागच अभिप्रेत असतो.

आता 'आज माग बंद आहे' हे वाक्य पाहू. यंत्र थांबले आहे, हा त्याचा वाच्यार्थ. परंतु मजुरी उत्पादनावर अवलंबून असल्याने कामगाराने घरी उच्चारलेल्या या वाक्यातून आज कमाई नाही, वाणसामान उधारीवर आणावे लागेल, असे सूचित होते. हेच वाक्य मालकाने व्यापाऱ्यास ऐकविले तर माल उशिरा मिळेल, एवढेच सूचित होईल. वक्ता व श्रोता यांच्या वैशिष्ट्यानुसार व्यंग्यार्थ बदलतो, हे मम्मटाचे प्रतिपादन येथे प्रत्ययास येते.

यावरून शब्दकोशातील अर्थ निरुपयोगी ठरतो, असे मात्र नव्हे. वाच्यार्थाच्या आधाराशिवाय व्यंग्यार्थ संभवत नाही. आक्षेप आहे तो वाच्यार्थापाशीच थांबण्याला, आणि व्यंजना ही केवळ काव्यातच असते या समजुतीला.

निष्कर्ष :
शब्दशक्तीचे उदाहरण देताना वाक्य कोणी, कोणास व कोठे उच्चारले, हे सांगणे अगत्याचे आहे. यंत्रमाग कामगाराच्या मुलास व्यंजना घरीच उमगलेली असते. वर्गात तिला केवळ नाव द्यावयाचे असते. ते न दिल्यास काव्यशास्त्र त्याला परके वाटेल आणि स्वतःची भाषा अभ्यासास अपात्र. ही हानी परीक्षेतील गुणांनी भरून निघणारी नाही.