हॅमायसिनचा शोधनिबंध आणि उल्लेखांची मोजणी

संशोधकाचे निबंध किती आणि इतरांनी त्यांचा उल्लेख किती वेळा केला, यावर त्याचे मोल ठरवण्याची पद्धत पिंपरीच्या एका उदाहरणापुढे अडखळते. हिंदुस्तान अँटिबायोटिक्समधील डॉ. एम. जे. थिरुमलाचार व सहकाऱ्यांनी हॅमायसिन या बुरशीनाशक औषधाचा शोधनिबंध १९६१ साली कारखान्याच्याच 'हिंदुस्तान अँटिबायोटिक्स बुलेटिन'मध्ये छापला. माल आपला, तराजूही आपलाच, हा आक्षेप रास्त आहे. पण डॉक्टरांनी लिहिलेल्या औषधाच्या चिठ्ठ्या कोणत्या उल्लेखसूचीत मोजणार? ज्या जिवाणूपासून हे औषध मिळाले, त्याचे नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. त्याच जिवाणूत सापडलेल्या पिंप्रिनीनची नवी रूपे रसायनशास्त्रज्ञ आजही घडवतात. हे नाव लिहिताना १९६१चा तो निबंध उद्धृत करण्याची गरज मात्र पडत नाही.