सुरक्षित मोबाईल : एक अपुरा प्रश्न

दहावीचा निकाल लागला, की पुण्यातल्या अनेक घरांत एक विषय हमखास निघतो. कॉलेज लांब, क्लास त्याहून लांब. तेव्हा मुलाला किंवा मुलीला फोन द्यावाच लागणार. मग पालक शिक्षकांना विचारतात, "मुलांसाठी सुरक्षित फोन कोणता?" बाजाराकडे याचे उत्तर तयार असते : 'पेरेंटल कंट्रोल' असलेला. हे उत्तर कितपत पुरते, ते आपण तपासून पाहू.

ही कल्पना पुण्याला नवी नाही. संगणकाचे व्हायरस रोखणारी सॉफ्टवेअर बनवणारी क्विक हील ही कंपनी पुण्याचीच आणि तिच्या सॉफ्टवेअरमध्येही पालकांसाठी अशी सोय असते. या सोयीचा मुख्य भाग म्हणजे गाळणी. ती काम कशी करते? तिच्याजवळ संकेतस्थळांच्या याद्या असतात : ही जुगाराची, ही अश्लील चित्रांची. मुलाने एखादे संकेतस्थळ उघडू पाहिले, की गाळणी त्याचा पत्ता यादीत शोधते आणि सापडल्यास वाट अडवते. लहान मूल चुकून भलत्या ठिकाणी जाऊ नये, एवढ्यासाठी ती जरूर वापरावी.

परंतु यादी पत्त्यांची असते. त्या पत्त्यावर आत काय चालले आहे, हे तिला कळतेच असे नाही. यूट्यूबवर प्रकाशसंश्लेषणाचा उत्तम धडा आणि जीवघेण्या कसरतीची चित्रफीत एकाच पत्त्यावर नांदतात. व्हॉट्सॲपचा निरोप तर २०१६ पासून पाठवणाऱ्याच्या फोनवर कुलूपबंद होतो आणि घेणाऱ्याच्या फोनवरच उघडतो. वाटेतल्या गाळणीला तो वाचता येत नाही. पंधरा वर्षांच्या मुलापुढचा धोका अनेकदा संकेतस्थळाचा नसून माणसाचा असतो. खोट्या नावाने मैत्री करणारा, फोटो मागणारा आणि मग तो पसरवण्याची धमकी देणारा माणूस कोणत्याच यादीत नसतो.

दुसरे कुलूप वयाचे. इन्स्टाग्रामवर खाते काढण्यासाठी किमान वय १३ आहे. कंपनीने २०२५ साली भारतात किशोरांसाठी वेगळी खाती सुरू केली. त्यांत १८ वर्षांखालील मुलाचे खाते आपोआप खाजगी राहते, अनोळखी माणसांच्या निरोपांवर बंधन येते आणि १६ वर्षांखालील मुलाला पालकांच्या संमतीशिवाय ही बंधने सैल करता येत नाहीत. सोय चांगली आहे, पण ती सगळी जन्मसालावर उभी आहे. दहा वर्षांच्या मुलाचे खाते निघावे म्हणून कोणी जन्मसाल आठ वर्षे मागे ढकलले, तर पंधराव्या वर्षी ते मूल यंत्राच्या हिशेबी तेवीस वर्षांचे असते आणि त्याच्यासाठी केलेले संरक्षण त्याला मिळत नाही. हे काम कधी कधी घरातली मोठी माणसेच करून देतात!

यंत्राऐवजी नियमावर भर देणारे दोन प्रयोगही पाहण्यासारखे आहेत. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव येथे ऑगस्ट २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला आणि दीड तास टी.व्ही. व मोबाईल बंद ठेवण्याचा प्रघात पडला. त्याच वर्षी नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी गावाने १८ वर्षांखालील मुलांना मोबाईल वापरण्यास बंदी करणारा ठराव केला. आम्हांला वडगावची रीत अधिक पटते, कारण तेथे मोठ्यांनीही फोन बाजूला ठेवायचा होता. शाळेने गृहपाठ व्हॉट्सॲपवर पाठवायचा आणि सभेत 'मुलांना मोबाईल देऊ नका' असे सांगायचे, हा विसंगत उपदेश मुलांना लगेच कळतो. मात्र भोंगा वेळेचे नियमन करतो. साडेआठनंतर आलेली धमकी तो थांबवू शकत नाही.

अशी धमकी आली, की मूल काय करते? घरात सांगितले तर पहिली शिक्षा म्हणजे फोन जप्त, हे त्याला ठाऊक असते. म्हणून ते गप्प बसते आणि धमकावणाऱ्याला नेमके हेच हवे असते. आमच्या मते सुरक्षित फोनच्या चर्चेत सर्वांत दुर्लक्षित राहिलेली बाब हीच. 'काहीही घडले तरी सांग, सांगितल्याबद्दल फोन जाणार नाही,' हे वचन फोन देतानाच द्यावयास हवे.

शिक्षकांची जबाबदारी याहून पुढे जाते. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार, लैंगिक हेतूने मुलाचे खरे किंवा बनावट चित्र वापरण्याची धमकी देणे हादेखील गुन्हा आहे आणि अशा गुन्ह्याची माहिती असणाऱ्याने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. प्रकरण शाळेतच मिटवून टाकणे कायद्याला मान्य नाही. मुलांच्या मदतीसाठी १०९८ आणि पैशांच्या ऑनलाईन फसवणुकीसाठी १९३० हे क्रमांक वर्गाच्या भिंतीवर असावेत.

'असर'च्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत १४ ते १६ वयोगटातल्या समाजमाध्यमे वापरणाऱ्या मुलांपैकी सुमारे ६२ टक्क्यांना एखाद्या खात्याला अडवणे वा त्याची तक्रार करणे आणि ५५ टक्क्यांना आपले खाते खाजगी करणे माहीत होते. पुणे शहर या पाहणीत येत नाही. पण उरलेल्यांना हे शिकवायला एक तासिका पुरेल, हे शहरालाही लागू आहे.

मग फोन कोणता घ्यावा? केवळ बोलण्यापुरता हवा असेल, तर बटणांचा साधा फोन पुरतो. स्मार्टफोनच हवा असेल, तर त्याला कंपनीकडून सुरक्षेच्या दुरुस्त्या अजून मिळतात ना, हे पाहावे; घरातला जुना फोन मुलाच्या हाती देताना तर विशेषच. त्यानंतर मुलाला शेजारी बसवून त्याच्या खात्यातले जन्मसाल तपासावे. येत्या पालकसभेत एवढे एक काम जरी सगळ्यांनी मिळून केले, तरी सभा सार्थकी लागेल.