खोक्यांचे गाणे आणि साहेबांची अब्रू

मराठी समीक्षकाला गाणे भेटते ते मैफलीत, संग्रहात, फार तर आकाशवाणीवर. पोलीस ठाण्याच्या दप्तरात जाऊन बसलेल्या गाण्याकडे तो साहित्य म्हणून पाहत नाही. आपल्या गाण्यांचा मुक्काम मात्र पुष्कळदा तिथेच पडत आला आहे. म्हणून मी इथे एका गाण्याबरोबर त्याच्या फिर्यादीचेही वाचन करणार आहे. माझ्या मते त्या दोन संहितांपैकी फिर्याद ही जास्त कल्पनारम्य आहे.

एप्रिल २०२३ मध्ये अंबरनाथच्या शिवाजीनगर पोलीस ठाण्यात राज मुंगासे या रॅपरवर गुन्हा नोंदवला गेला. पोरगा छत्रपती संभाजीनगरचा, गाणे मोबाईलवरून महाराष्ट्रभर फिरलेले, आणि गुन्हा अंबरनाथला! फिर्याद दिली ती सत्तारूढ शिवसेनेच्या युवा संघटनेच्या पदाधिकाऱ्याने. अंबरनाथ हे तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांच्या जिल्ह्यातले आणि त्यांच्या चिरंजीवांच्या लोकसभा मतदारसंघातले गाव, हे लक्षात घेतले म्हणजे भूगोलाचे कोडे सुटते. गाण्यात कुणाचे नाव नव्हते. चोर होते आणि पन्नास खोके होते. हीच पन्नास खोक्यांची घोषणा ऑगस्ट २०२२ मध्ये विरोधी आमदारांनी विधानभवनाच्या पायऱ्यांवर कॅमेऱ्यांसमोर दिली होती. आणि आमदार सभागृहात जे बोलतो त्याला तर अनुच्छेद १९४ चे कवच असते. गल्लीतल्या पोराला असे कवच कुठले?

त्याच सुमारास मुंबईत उमेश खाडे या वडाळ्याच्या रॅपरवरही गुन्हा दाखल झाला. मुंगासेच्या गाण्याला मी थोर कविता म्हणणार नाही. त्यातला राग सरळ आहे, प्रतिमा बातम्यांतून उचललेल्या आहेत आणि सहा महिन्यांनी संदर्भ विझला की त्यातले बरेचसे विझेल. पण जलशातले किती गाणे असे तात्पुरते नव्हते? आंबेडकरी जलसा त्या आठवड्याचे बोलायचा, त्या गावच्या पाटलाचे, सावकाराचे बोलायचा. ज्याला बोलायचे त्याच्या अंगाला लागले पाहिजे, हीच त्याची कसोटी. रॅप ही न्यूयॉर्कच्या काळ्या वस्त्यांतून आलेली चीज असली तरी आपल्याकडे ती या कसोटीला धरूनच रुजली आहे. आमच्या उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यातल्या मुलांना ढोलकी घ्यायला पैसे लागतात, रॅपला मोबाईल पुरतो.

आता फिर्याद. कलमे लावली भारतीय दंड संहितेची ५०१, ५०४ आणि ५०५ (२). पहिले बदनामीकारक मजकूर छापण्याचे. बदनामीच्या गुन्ह्याची दखल न्यायालय घेते ती ज्याची अब्रू गेली त्याने स्वतः तक्रार केल्यावर, असे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १९९ सांगत होते. मंत्र्यासाठी सरकारी वकिलामार्फत जायची वेगळी वाटही त्यात होती. पण कार्यकर्त्याने उठून साहेबांची अब्रू आपल्या खिशातून हरवल्याची तक्रार देणे, हे त्यात कुठेच नव्हते. शिवाय या कलमाखाली पोलिसाला वॉरंटविना अटक करता येत नव्हती.

५०४ तर वाचण्यासारखे आहे. ज्याचा अपमान केला तो चिडून शांतता मोडेल, असा हेतू किंवा जाणीव बोलणाऱ्याला हवी. म्हणजे हे कलम लावणारा स्वतःच कबूल करतो की गाणे ऐकून आमची माणसे हाताबाहेर जातील. आपल्याच पक्षाच्या संयमाला दिलेले इतके प्रामाणिक प्रमाणपत्र मी दुसरे पाहिलेले नाही. मार्च २०२५ मध्ये कुणाल कामराच्या विडंबनगीतानंतर मुंबईतल्या त्या सभागृहाची तोडफोड झाली, तेव्हा त्याचा पडताळाही आला. तिथेही गुन्हा गाणाऱ्यावर नोंदला गेलाच, आणि एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाने त्याला अटकेपासून संरक्षण दिले.

मुंगासेच्या प्रकरणातला खरा जोर ५०५ (२) मध्ये होता. धर्म, वंश, भाषा, जात, समाज यांच्यात वैर पसरवण्याचे हे कलम. तीन वर्षांपर्यंत शिक्षा, दखलपात्र, अजामीनपात्र. हे एक जोडले की बाकीच्या अदखलपात्र कलमांनाही पोलिसी पाय फुटतात. पण वैराला दोन समाज लागतात. बिलाल अहमद कालू खटल्यात १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केले होते. मग इथला दुसरा समाज कोणता? फुटलेले आमदार ही नवी जात झाली काय? साडेतीन टक्क्यांची जुनी उतरंड मोडता मोडता आमचे आयुष्य गेले, आणि इथे एका फिर्यादीत सत्ताधाऱ्यांची स्वतंत्र जमात निर्माण झाली! २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. कलमांचे आकडे बदलून ३५६, ३५२, ३५३ झाले, यंत्र तेच राहिले.

आमच्याच काही कार्यकर्त्यांचा आक्षेप आहे, आणि तो टाळण्यासारखा नाही. ते म्हणतात, अपमानाला तुरुंग हवा ही मागणी तर आपण केली. ॲट्रॉसिटी कायदा आपला. मग साहेबांच्या अपमानाला शिक्षा नको, हे कोणत्या तोंडाने म्हणता? याचे उत्तर राजा ढाले यांनी १९७२ च्या 'साधना'तल्या स्वातंत्र्यदिनाच्या लेखात मांडलेल्या हिशेबात आहे. राष्ट्रध्वजाच्या अपमानाला किती दंड आणि दलित स्त्रीच्या विटंबनेला किती, एवढाच त्यांचा प्रश्न होता. महाराष्ट्र भडकला तो ध्वजावरच्या वाक्याने. शेजारची आकडेवारी फार थोड्यांनी वाचली. अपमान कोणत्या दिशेने जातो, हे त्या हिशेबाचे मर्म आहे. पद हे लोकांनी दिलेले असते, मुदतीचे असते, सोडता येते. त्याच्यावर उडालेला चिखल मतपेटीत धुता येतो. जात जन्माने चिकटवलेली असते. जातीवरून हाक मारणारा माणसाच्या मताला विरोध करत नाही, त्याचे माणूसपणच रद्द करतो. शिवाय आमच्या माणसाला फिर्याद देताना अपमान सार्वजनिक दृष्टीसमोर झाला का, जातीवरून झाला का, साक्षीदार कोण, हे सारे सिद्ध करावे लागते. साहेबांना ठाण्याची पायरीही चढावी लागत नाही.

दुसरा एक आक्षेप भाषेचा. गाणे शिवराळ आहे म्हणे. १९२५ साली दिनकरराव जवळकरांचे 'देशाचे दुश्मन' निघाले, टिळक आणि चिपळूणकरांवर. भाषा सभ्य नव्हतीच. बेअब्रूच्या खटल्यात जवळकरांना, केशवराव जेधे यांना शिक्षा झाली. १९२६ मध्ये अपिलात बाबासाहेब उभे राहिले आणि आरोपी सुटले. पुस्तकाची भाषा आधी धुऊन आणा, मग वकीलपत्र घेतो, असे त्यांनी म्हटले नाही. बाबासाहेब अमर्याद स्वातंत्र्याचे पुरस्कर्ते होते असेही मी म्हणत नाही. मूलभूत हक्क निरपवाद नसतात हे त्यांनी ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात घटना समितीला सांगितले होते. म्हणूनच अनुच्छेद १९ (२) मधली कारणे बारकाईने वाचावीत. तिथे बदनामी आहे, सार्वजनिक सुव्यवस्था आहे, न्यायालयाचा अवमान आहे. मंत्र्याचा मान नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये महाराष्ट्राच्या गृहखात्याने राजद्रोहाविषयीच्या परिपत्रकातून तो मागच्या दाराने आणू पाहिला होता. ओरड झाली, प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि ऑक्टोबरमध्ये शासनाला ते मागे घ्यावे लागले.

माझा बाप काडेपेटीच्या कारखान्यात होता, घरात पदवी घेतलेला मी पहिला. वर्गातल्या मुलांना अलंकार शिकवताना उपरोधाचे उदाहरण म्हणून मी हे गाणे सांगितले. एकाने विचारले, सर, नाव न घेता केलेली टीका ज्याने स्वतःवर ओढून घेतली, त्यानेच तर नाव जाहीर केले ना? या प्रश्नाला परीक्षेत गुण नाहीत. पण फिर्यादीचे याहून नेमके परीक्षण मला कुठल्या मासिकात वाचायला मिळालेले नाही. जयंती मंडळाच्या रॅपमध्ये यंदा नगरपालिकेच्या पाण्यावर एक कडवे आहे, ते गावे की गाळावे, हे विचारायला तोच मुलगा परवा घरी आला होता. मी त्याला ५०५ (२) चा मजकूर वाचून दाखवला आणि अटक झाली तर आधी काय करायचे, ते कागदावर लिहून दिले.