‘पर्सेपोलिस’मधील हिजाब : वस्त्र, सक्ती आणि अर्थ

मार्जान सत्रापी यांचे ‘पर्सेपोलिस’ हे चित्ररूप आत्मकथन मूळ फ्रेंचमध्ये २००० ते २००३ या काळात चार खंडांत प्रसिद्ध झाले. इराणमधील १९७९ च्या क्रांतीनंतर स्त्रियांवर लादलेल्या हिजाबाचा निषेध म्हणून त्याचा उल्लेख होतो. तो योग्य असला, तरी तेवढ्यावर थांबल्यास या कृतीचे सामर्थ्य आणि मर्यादा दोन्ही नजरेआड होतात.

कथनाचा आरंभ १९८० साली शाळेत हिजाब सक्तीचा झाल्याच्या प्रसंगाने होतो. मैदानावरील मुली त्या वस्त्राची दोरी करून उड्या मारतात, लगाम करून घोडा-घोडा खेळतात. कापडाला स्वतःचा अर्थ नसतो, हे लेखिका येथेच सुचविते. लहान मार्जी श्रद्धाळू आहे; प्रेषित होण्याचे स्वप्न पाहणारी आहे. तिचा विरोध ईश्वराला नसून हुकुमाला आहे. पुढे विद्यापीठ-प्रवेशाच्या वैचारिक चाचणीत ती हिजाबाविषयी परखड मत मांडते आणि तिचा प्रामाणिकपणा पाहून परीक्षक मुल्लाच तिला उत्तीर्ण करतो. धर्म आणि धर्मसत्ता यांतील हा भेद या कृतीला प्रचारापासून वाचवितो.

तथापि, श्रद्धेने हिजाब स्वीकारणाऱ्या स्त्रीचे अंतरंग येथे जवळजवळ अव्यक्तच राहते. धार्मिक वेशातील स्त्री प्रामुख्याने नियमांची पहारेकरी म्हणून समोर येते. १९३६ मध्ये रझा शाहने पडद्यावर बंदी घातली, तेव्हा असंख्य श्रद्धाळू स्त्रियांनी घराबाहेर पडणेच टाळले होते. तीही सक्तीच होती. कैरोतील मशिदींमधून धर्माध्ययन करणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास सबा महमूद यांनी ‘पॉलिटिक्स ऑफ पायटी’ (२००५) या ग्रंथात केला आहे. त्या स्त्रियांच्या दृष्टीने हिजाब हे विनयाचे केवळ चिन्ह नसून विनय अंगी बाणविण्याची साधना आहे. सत्रापींच्या चित्रचौकटींत या अनुभवाला जागा मिळत नाही. अर्थात, साधनेलाही स्वेच्छेचा आधार लागतो. दंडाच्या भयाने पाळलेला विनय हा केवळ आज्ञापालन ठरतो. म्हणून महमूद यांचे विवेचन सत्रापींचे खंडन करीत नाही, ते पूर्ण करते.

२०२२ मध्ये वेशाच्या नियमांवरून ताब्यात घेतलेल्या महसा अमिनी यांच्या मृत्यूनंतर इराणी स्त्रियांनी भर रस्त्यात हिजाब उतरविले. त्याच वर्षी कर्नाटकातील विद्यार्थिनी हिजाबासह वर्गात बसू देण्याची मागणी करीत होत्या. वरकरणी या कृती परस्परविरोधी वाटतात. परंतु आपल्या वस्त्राचा अर्थ ठरविण्याचा अधिकार मागणे हे दोन्हींमागील सूत्र एकच होते. कुटुंब व समाज यांचा दबाव विचारात घेऊनही हे सूत्र सुटत नाही, कारण एका दबावाची जागा दुसऱ्या दबावाने घेतल्यास स्त्री मोकळी होत नाही. ‘पर्सेपोलिस’ हिजाबाचा संपूर्ण अर्थ सांगत नाही. मात्र तो सांगण्याचा अधिकार कोणाचा, हा मूलभूत प्रश्न निःसंदिग्धपणे उभा करते.