सुरकुत्या म्हणजे वास्तव नव्हे

जळगाव-धुळ्याकडच्या छायाचित्र प्रदर्शनात भिंतीवर काय असेल, हे आत न जाताही सांगता येते. सुरकुतलेल्या चेहऱ्याचा म्हातारा, कृष्णधवल. सातपुड्यातली होळी आणि मोरपिसांचे टोप घातलेले पावरा नाचे. धुळीतून परतणारी गुरे. चित्रे सुबक असतात, बक्षिसेही मिळवतात. पण रावेर-यावलच्या बागेतून केळीचा घड खांद्यावर घेऊन चिखल तुडवत रस्त्याला लागणारा मजूर, जिनिंगमध्ये नाकाला पदर लावून राबणारी बाई, भुसावळच्या रेल्वे यार्डातला रात्रपाळीचा माणूस तिथे क्वचितच भेटतो. सामान्य माणसाचे जगणे म्हणून आपल्याला दाखवतात तो त्याचा सण किंवा त्याचे म्हातारपण. त्याचे काम नव्हे.

ही सवय जुनी आहे. मेजर रॉबर्ट गिल १८४४ पासून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करत होता. पुढे त्याने कॅमेरा हाती घेतला. १८६४ साली निघालेल्या त्याच्या छायाचित्रांच्या एका पुस्तकाच्या नावात पश्चिम भारतातली वास्तुकला आहे, निसर्ग आहे, माणूस नाही. खुद्द अजिंठ्याच्या चित्रकारांना राजाशेजारची चवरी ढाळणारी दासीही रंगवावीशी वाटली होती! गिल १८७९ साली वारला. त्याची कबर भुसावळला आहे.

खानदेशच्या छायाचित्रणाचे नाव खऱ्या अर्थाने झाले ते चाळीसगावच्या केकी मूस यांच्यामुळे (१९१२–१९८९). इंग्लंडात शिकून आलेला हा पारशी कलावंत स्टेशनजवळच्या दगडी घरात राहिला आणि अनेक दशके घराबाहेर जवळपास पडलाच नाही. त्यांच्यावर लिहिणारे, रेल्वेगाडीने येणाऱ्या प्रेयसीची त्यांनी वाट पाहिली या कथेत इतके रमतात की चित्रांपर्यंत पोचतच नाहीत. मूस यांची खासियत टेबलटॉप छायाचित्रणाची. टेबलावर लहानसहान वस्तू मांडायच्या, उजेड असा टाकायचा की पाहणाऱ्याला खराखुरा देखावा वाटावा. वृद्ध चेहऱ्यांवरही त्यांनी असाच उजेड खेळवला. ही कला अव्वल दर्जाची आहे. पण ती रचलेली आहे आणि मूस यांनी ते लपवले नाही. मागून आलेल्यांनी रचना तेवढी उचलली आणि रस्त्यावर नेली. म्हाताऱ्याला विडी पेटवायला सांगायचे, धूर उन्हात आला की बटण दाबायचे आणि खाली लिहायचे ‘जीवन’. त्या म्हाताऱ्याचे नाव मात्र कुणी विचारत नाही.

सामान्य माणसाचे जगणे आहे तसे मांडण्याचे काम शब्दांत खानदेशाने केव्हाच करून ठेवले आहे. आसोद्याच्या बहिणाबाईंच्या ओव्यांत जाते, चूल, पेरणी, मळणी ही शोभेसाठी येत नाहीत. ज्या हातांनी ती केली, तेच हात तिथे बोलतात. सांगवीच्या नेमाड्यांनी १९६३ साली ‘कोसला’ या कादंबरीत गावाकडचे घर आणि बाप यांना जसेच्या तसे उभे केले, गोड केले नाही. चित्रकार आणि छायाचित्रकार या वाटेने का गेले नाहीत, याचे एक उत्तर स्पर्धांत आहे. परीक्षकाला एका नजरेत पटेल असेच चित्र पाठवले जाते, आणि श्रम एका नजरेत पटत नाहीत. तिथे थांबावे लागते.

थांबण्याने काय होते ते आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांच्या ‘अ नर्मदा डायरी’ (१९९५) या माहितीपटात दिसते. तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातल्या मणिबेलीसारख्या गावांत त्यांचा कॅमेरा पुन्हा पुन्हा गेला. होळी त्यातही आहे. पण नाचणाऱ्यांच्या घरांपर्यंत नर्मदेवरच्या धरणाचे पाणी येणार, हे पाहणाऱ्याला ठाऊक असते. म्हणून तो नाच नुसता देखणा उरत नाही.

आता मोबाइलवर अहिराणीतल्या छोट्या विनोदी चित्रफिती फिरतात. अभिनय भडक, ध्वनी कर्कश. तरी ओट्यावरचे भांडण, सासू-सुनेची बोली आणि उधारीचा हिशेब त्यांत जितका खरा उतरतो, तितका कलादालनात उतरत नाही, असे माझे मत आहे.

आणखी एक खजिना दुर्लक्षित पडून आहे. तालुक्याच्या गावांतले जुने फोटो स्टुडिओ एकामागून एक बंद होत आहेत. नवे जोडपे, नोकरीला लागलेला पोरगा, पहिले बाळ, सारे तिथे पडद्यासमोर उभे राहिले. तेही रचलेलेच, पण आपल्या हौसेने आणि आपल्या पैशाने. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली धुळ्यातच वारले. घरोघरचे जुने कागद गोळा करण्यात त्यांचा जन्म गेला. तशी फिरती आता या निगेटिव्ह आणि आल्बमसाठी कुणीतरी करायला हवी. तोवर ज्यांच्या घरी असे फोटो असतील त्यांनी ते रद्दीत घालू नयेत. मागच्या बाजूला माणसाचे नाव, गाव, साल आणि तो काय काम करत होता, एवढे पेन्सिलीने लिहून ठेवावे.