एकखांबी खेळ

‘मामा, खेळून बघ आणि खरं काय ते सांग,’ असं भाचा म्हणाला, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. ‘खरं सांग’ म्हणणाऱ्याला बहुधा बरं तेच ऐकायचं असतं. नवकवींच्या शेजारात उभा जन्म काढून मी एवढं तरी शिकलो आहे.

पुण्यातली संगणकाची नोकरी सोडून भाचा आंजर्ल्याला आला आणि माजघरात बसून त्याने एक खेळ रचला. गोष्ट त्याची, प्रोग्रॅम त्याचा, चित्रं त्याची आणि संगीतही त्याचंच. ताईने मला परीक्षक म्हणून मुद्दाम बोलावून घेतलं. ‘वाईट असेल तर स्पष्ट सांग रे, म्हणजे परत नोकरीला तरी लागेल,’ ही स्वयंपाकघरातली सूचना.

आता एकट्याने सगळं करणं आपल्याला नवं नाही. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ आणलं, तेव्हा मराठी रूपांतर त्यांचं, पदं त्यांची आणि बसवलंही त्यांनीच. तिकडे अमेरिकेत एरिक बॅरोन नावाच्या तरुणाने चारेक वर्षं खपून ‘स्टारड्यू व्हॅली’ हा शेतीचा खेळ एकहाती केला. २०१६ साली तो बाहेर आला आणि लाखो लोक पैसे मोजून पडद्यावर भाजी लावू लागले. इकडे खऱ्या शेतीला गडी मिळत नाही!

भाच्याच्या खेळात आपण कासवाचं पिल्लू असतो. आंजर्ल्याच्या पुळणीवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. पिल्लू रात्री वाळूतून निघतं आणि उजेडाकडे धावतं, कारण समुद्राकडची बाजू उजळ असते. माणसांनी दिवे लावले की बिचारं गावाकडे वळतं. खेळाचा सगळा पेच एवढाच, आणि तो झकास आहे.

पण पहिली पंधरा मिनिटं पिल्लू हलतच नाही! समुद्रमंथनापासून कूर्मावताराची कथा वाचावी लागते. पूर्वरंग लांबला की श्रोते चुळबुळतात आणि बुवा आवरतं घेतात. भाच्यापुढे चुळबुळणारं कोण? एकखांबी तंबूत ‘पुरे’ म्हणायला दुसरा खांबच नसतो. पुढे खेकडा आला की एक व्हायोलिन रडतं, कुत्रा आला की दोन.

मग मात्र शिमग्यातला मृदंग सुरू झाला. पिल्लू दिव्याकडे वळलं की ठेका किंचित ढळतो. समुद्राकडे वळलं की सावरतो. मी डोळे मिटले आणि नुसत्या कानांनी वाट काढली. इथे गोष्ट, संगीत आणि प्रोग्रॅम वेगळे काढून दाखवताच येत नाहीत. तीन खोल्यांत बसलेल्या तीन माणसांना हे सुचलं असतं, असं मला वाटत नाही.

भाच्याला सांगितलं, ‘कूर्मावतार काप, व्हायोलिनं हाकल, मृदंगाला हात लावू नकोस.’ तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी कूर्मावतार तीन ओळींवर आला होता.

त्या रात्री एक वाजता माझं पिल्लू पाण्यात पोचलं. ताई दारात उभी. ‘काय रे, वाईट आहे ना?’

‘ताई,’ मी म्हटलं, ‘आधी तो ओटीवरचा दिवा मालव.’